ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस (२१ मे, १८७८ – २३ जुलै, १९३०) हे अमेरिकन संशोधक, मोटारसायकल शर्यतपटू, वैमानिक आणि उद्योजक होते. अमेरिकेतील विमान उद्योगाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. जलविमानाच्या विकासातील कामगिरीमुळे त्यांना अमेरिकन नौदल विमानविद्येचे जनक मानले जाते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांनी मोटारीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरांवर काम केले. लांब आणि जड ट्रेलर मोटारीला नेमका कोठे जोडावा आणि तो ओढण्यासाठी गाडी कशी निवडावी, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही वापरात आहे. त्यांच्या चरित्रांत या कामाला बहुधा एखाद्या परिच्छेदापुरतीच जागा मिळते.

बालपण आणि सुरुवातीचे दिवस

कर्टिस यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील क्यूका सरोवराच्या काठी वसलेल्या हॅमंडस्पोर्ट या लहान गावात झाला. ते लहान असतानाच वडील फ्रँक कर्टिस यांचे निधन झाले. बहीण रुथा हिला मेंदूज्वरामुळे बहिरेपण आले. तिच्या शिक्षणासाठी कुटुंबाने रॉचेस्टर शहरात बिऱ्हाड केले. ग्लेन यांचे औपचारिक शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झाले. त्यानंतर त्यांनी रॉचेस्टरमधील ईस्टमन कंपनीत, म्हणजे पुढील काळातील कोडॅकमध्ये, नोकरी केली. तेथे छायाचित्र फितींच्या कागदावर आकडे छापण्याचे काम सोपे करणारे एक साधन त्यांनी तयार केले. पुढे ते सायकलवरून तारा पोहोचवण्याचे काम करू लागले आणि सायकल शर्यतींत उतरले.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह लीना नेफ यांच्याशी झाला. हॅमंडस्पोर्टला परतून त्यांनी सायकलींचे दुकान काढले. त्यांचा पहिला मुलगा कार्लटन तान्हेपणीच दगावला. दुसरा मुलगा ग्लेन ज्युनियर याचा जन्म १९१२ मध्ये झाला. आईने दुसरा विवाह केल्यावर झालेला सावत्र भाऊ कार्ल अॅडम्स हा ग्लेन यांच्याहून बराच लहान होता. या लेखाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण ट्रेलरच्या व्यवसायात पुढे तोच त्यांचा सहकारी झाला.

मोटारसायकली

सायकलींवरून कर्टिस इंजिनांकडे वळले. पहिल्या इंजिनासाठी त्यांनी टोमॅटो सूपच्या रिकाम्या डब्यापासून कार्ब्युरेटर बनवला होता. बाहेरून मागवलेले इंजिन वजनाच्या मानाने दुबळे वाटल्याने त्यांनी स्वतःची इंजिने घडवण्यास सुरुवात केली. हलके आणि तरीही भरवशाचे इंजिन हे त्यांच्या कारखान्याचे वैशिष्ट्य ठरले.

जानेवारी १९०७ मध्ये फ्लोरिडातील ऑर्मंड बीचच्या सपाट वाळूवर त्यांनी आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेली मोटारसायकल ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर, वेगाने चालवली. त्या वेळी जमिनीवरील कोणत्याही वाहनाने इतका वेग गाठला नव्हता. मात्र या नोंदीला अधिकृत मान्यता मिळाली नाही. शक्ती मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरील सांधा परतीच्या धावेत तुटला, गाडीची चौकट वाकली आणि दुसरी नोंद होऊ शकली नाही. कर्टिस यांना इजा झाली नाही. इंजिन शाबूत राहिले आणि सांधा गेला, हा तपशील त्यांच्या नंतरच्या कामाकडे पाहताना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विमानविद्या

हलक्या इंजिनांमुळेच कर्टिस आकाशाकडे ओढले गेले. थॉमस स्कॉट बाल्डविन यांच्या कॅलिफोर्निया अॅरो या हवाई जहाजाला १९०४ मध्ये कर्टिस यांचे मोटारसायकलचे इंजिन बसवलेले होते. १९०७ मध्ये दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी स्थापन केलेल्या एरियल एक्स्पेरिमेंट असोसिएशन या पाच जणांच्या गटात ते सामील झाले. ४ जुलै १९०८ रोजी हॅमंडस्पोर्ट येथे त्यांनी जून बग हे विमान दीड किलोमीटरहून अधिक अंतर उडवले आणि किमान एक किलोमीटर सरळ उड्डाणासाठी ठेवलेला सायंटिफिक अमेरिकन चषक जिंकला. हे उड्डाण आधी जाहीर करून, प्रेक्षकांसमोर झाले होते. राइट बंधू त्याआधी साडेचार वर्षांपासून उडत होते, परंतु अमेरिकन जनतेतील अनेकांनी माणूस उडताना प्रथमच पाहिला तो त्या दिवशी.

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँस येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय विमान मेळाव्यात त्यांनी लुई ब्लेरिओ यांना सुमारे सहा सेकंदांनी मागे टाकून गॉर्डन बेनेट चषक मिळवला. २९ मे १९१० रोजी ऑल्बनीहून न्यू यॉर्क शहरापर्यंत हडसन नदीच्या मार्गाने उड्डाण करून त्यांनी न्यू यॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राचे १०,००० डॉलरचे बक्षीस पटकावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युजीन इली यांनी कर्टिस विमानातून युद्धनौकेच्या डेकवरून उड्डाण केले आणि जानेवारी १९११ मध्ये दुसऱ्या युद्धनौकेवर विमान उतरवून दाखवले. २६ जानेवारी १९११ रोजी स्वतः कर्टिस यांनी सॅन डिएगो येथे पाण्यावरून विमान उडवले. अमेरिकन नौदलाचे पहिले विमानही त्यांच्याच कारखान्याचे होते.

पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीचे जेएन-४ हे विमान हजारोंच्या संख्येने तयार झाले. जेनी या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विमानावर अमेरिकेतील वैमानिकांची एक अख्खी पिढी शिकली. मे १९१९ मध्ये कर्टिस यांच्या सहभागाने रचलेले एनसी-४ हे उडते जहाज टप्प्याटप्प्याने अटलांटिक महासागर पार करून लिस्बनला पोहोचले. विमानाने अटलांटिक ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती.

राइट बंधूंशी वाद

राइट बंधूंनी विमान बाजूला कलते ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. त्यांच्या विमानात त्यासाठी पंखच पिळला जाई. कर्टिस यांच्या विमानांत पंखांना स्वतंत्र हलणाऱ्या झडपा होत्या. वैमानिक खांदे ज्या बाजूस झुकवी, त्यानुसार त्या वरखाली होत. ही वेगळी पद्धत आहे, असा कर्टिस यांचा दावा होता; तत्त्व एकच आहे, अशी राइट यांची भूमिका होती. १९०९ मध्ये सुरू झालेल्या खटल्यात १९१४ साली वरिष्ठ न्यायालयाने राइट यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी कर्टिस यांनी सॅम्युएल लँगली यांचे १९०३ मध्ये अयशस्वी ठरलेले विमान बरेच बदल करून हॅमंडस्पोर्टला उडवून दाखवले. राइट यांच्या अग्रक्रमाला धक्का देण्याचा हा प्रयत्न होता, आणि कर्टिस यांच्या कारकिर्दीतील तो सर्वांत कमी समर्थनीय भाग आहे. १९१७ मध्ये महायुद्धाच्या निकडीने सर्व विमान उत्पादकांनी पेटंटांचा सामायिक वापर मान्य केला आणि वाद व्यवहारापुरता मिटला.

फ्लोरिडातील वास्तव्य

युद्धानंतर कर्टिस विमान उद्योगाच्या दैनंदिन कारभारातून बाजूला झाले आणि फ्लोरिडात स्थायिक झाले. गुरांचे व्यापारी जेम्स ब्राइट यांच्या भागीदारीत त्यांनी मायामीजवळ जमिनी घेऊन हायालीया, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका ही तीन नगरे वसवली. अरबी सुरस कथांच्या धर्तीवर घुमट आणि मिनार असलेल्या इमारती उभारलेले ओपा-लोका त्यांपैकी सर्वांत अनोखे. सप्टेंबर १९२६ मधील चक्रीवादळाने मायामी परिसराची धूळधाण केली आणि आधीच डळमळू लागलेला जमिनीचा बाजार बसला. ओपा-लोकाची उभारणी अर्धवट राहिली. ट्रेलरचा कारखाना पुढे याच गावात निघाला.

फिरते घर: पहिले प्रयोग

कर्टिस यांना रानात मुक्काम करण्याची आणि शिकारीची आवड होती. धनुष्यबाण हा त्यांचा विशेष छंद होता. शिकारीला जाताना मित्रमंडळींसह आरामात राहता यावे, या गरजेतून त्यांनी मोटारीमागे ओढायचे ट्रेलर बनवले. सावत्र भाऊ कार्ल अॅडम्स यांच्या कंपनीने त्यावर आधारित मोटरबंगलो नावाचा घडीचा ट्रेलर बाजारात आणला. मुक्कामावर पोहोचल्यावर त्याच्या बाजू उघडून कापडी आडोशाखाली बिछाने पसरता येत. स्वयंपाकाची सोयही होती. त्याचा खप मर्यादितच राहिला.

घडीचा लहान ट्रेलर कोणत्याही मोटारीमागे चालतो. अडचण सुरू होते ती घर न मिटणारे, पुरेसे लांब आणि माणसांना आत बसून प्रवास करता येईल असे करायचे ठरले की. कर्टिस यांना तेच हवे होते.

जोडणीचा प्रश्न

ट्रेलर मोटारीच्या मागच्या बंपरजवळ जोडण्याची पद्धत त्या काळी रूढ होती आणि आजही सर्वाधिक ट्रेलर तसेच जोडले जातात. या पद्धतीत दोन दोष आहेत.

पहिला दोष भाराचा. एकाच आसाच्या ट्रेलरमध्ये वजन कसे रचावे, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे अधिक झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. योग्य रचनेत थोडासा भार पुढेच हवा. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग जोडणीवर असावा, असे आज सांगितले जाते. त्याहून कमी असल्यास ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो.

परंतु हा भार मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतो. समजा, मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या आसांत ३ मीटर अंतर आहे आणि जोडणी मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. तिच्यावर ३०० किलो भार आला, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरील भार १२० किलोने कमी होतो आणि मागच्या चाकांवर ४२० किलो वाढतात. मोटारीचे शेपूट दबते, नाक वर होते. दिशा देणारी पुढची चाकेच हलकी झाल्याने सुकाणूची पकड ढिली होते आणि त्या चाकांचे ब्रेकही कमी उपयोगी पडतात.

दुसरा दोष आडव्या हालचालीचा आणि तो अधिक धोक्याचा. वाऱ्याच्या झोताने किंवा रस्त्यातील खड्ड्याने ट्रेलर बाजूला सरकला की तो जोडणीला आडवा ढकलतो. जोडणी आसाच्या मागे असल्याने ती लांब दांड्यासारखे काम करते. मोटारीचे शेपूट एकीकडे गेले की नाक दुसरीकडे वळते. चालक चाक फिरवून ते सावरू पाहतो, तोवर ट्रेलर उलट दिशेने परतू लागलेला असतो. चालकाची दुरुस्ती उशिरा पोहोचली की हेलकावा कमी होण्याऐवजी वाढतो. ट्रेलर जितका लांब आणि जड, मोटार जितकी आखूड आणि हलकी, आणि वेग जितका जास्त, तितके हे सावरणे अवघड होत जाते. लांब ट्रेलरांचे अनेक गंभीर अपघात अशाच वाढत गेलेल्या हेलकाव्यांतून होतात.

भार कोठे पडतो आणि धक्का कोणत्या आसाभोवती वळण निर्माण करतो, हा विमान रचनेतला रोजचा प्रश्न होता. विमानात इंजिन, इंधन आणि वैमानिक यांची जागा काही सेंटीमीटरनी चुकली तरी ते उडत नाही किंवा उडून कोसळते. कर्टिस यांनी ट्रेलरकडे याच नजरेने पाहिलेले दिसते. मोटार अधिक शक्तिमान घेण्याऐवजी त्यांनी जोडणीचीच जागा बदलली.

एरोकार

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ओपा-लोका येथे तयार होऊ लागलेल्या त्यांच्या ट्रेलरचे नाव एरोकार होते. त्याची जोडणी मोटारीच्या मागे नसून मोटारीच्या आत, मागच्या आसाच्या जवळपास वर होती. मोटारीच्या मागच्या भागात हवा भरलेला टायर असलेले एक लहान चाक आडवे बसवलेले असे. ट्रेलरचा पुढचा भाग हंसाच्या मानेप्रमाणे वर उचललेला होता आणि त्याखालील उभी खीळ या आडव्या चाकाच्या मध्यभागी उतरत असे.

या एका बदलाने वरील दोन्ही दोष बहुतांशी नाहीसे झाले. भार थेट आसावर आल्याने मोटारीचे नाक वर होत नव्हते. ट्रेलरने आडवा धक्का दिला तरी तो मागच्या टायरांमधून सरळ रस्त्यात उतरत असे. मोटारीला फिरवण्यासाठी त्याच्या हाती दांडाच उरत नसे. गाडी सुटताना आणि थांबताना बसणारे हिसके हवेचा टायर शोषून घेई. पोलादावर पोलाद घासण्याचा खडखडाटही टळला.

आडवे चाक जोडणीत वापरण्याची कल्पना कर्टिस यांच्या आधीची आहे. घोडागाडीचा पुढचा आस वळता यावा म्हणून त्याच्यावर बसवलेल्या आडव्या कड्याला पाचवे चाक म्हणत. १९१४ मध्ये डेट्रॉइट येथे ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी फोर्ड मोटारीमागे नाव वाहून नेण्यासाठी ट्रेलर बनवला होता, आणि मालवाहू ट्रकांच्या क्षेत्रात तशा जोडण्यांचा प्रसार पुढे झपाट्याने झाला. त्यामुळे कर्टिस यांना पाचव्या चाकाचे एकमेव जनक म्हणणे बरोबर ठरणार नाही. ती जोडणी राहत्या घराला लावणे आणि तिच्यात हवेचा टायर घालणे, हे त्यांचे काम.

एरोकारची बांधणीही विमानाचीच होती. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात कर्णरेषेत ताणलेल्या पोलादी तारा आणि त्या तारांना पीळ देऊन घट्ट करता येतील अशा कड्या, ही रचना जेनीच्या धडासाठी वापरलेल्या रचनेसारखी होती. त्यामुळे लांबीच्या मानाने ट्रेलर हलका राही. ओढणाऱ्या गाडीवर पडणारा भार कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे मुळात वजनच कमी ठेवणे, हे मोटारसायकलींच्या दिवसांपासून त्यांच्या अंगवळणी पडले होते. आत झोपण्याच्या जागा, स्वयंपाकघर, पाणी आणि शौचालयाची सोय असे. काही नमुन्यांत पुढच्या उंच भागात काचा लावलेली बैठक होती आणि तेथून मोटारीच्या चालकाशी बोलण्यासाठी दूरध्वनी होता.

ओढणाऱ्या गाडीची निवड

जोडणी ठरली की गाडीची निवड आपोआप मर्यादित होते, हे एरोकारच्या बाबतीत स्पष्ट दिसते. मागे आसन असलेली नेहमीची कुटुंबाची मोटार येथे चालत नसे, कारण जोडणीची जागा नेमकी त्या आसनावर येई. त्यामुळे फक्त पुढे बसण्याची सोय असलेली कूपे किंवा उघडी रोडस्टर गाडी घेऊन तिचा मागचा भाग कापावा लागे. चौकटीला आधार द्यावा लागे. ट्रेलरचा भार मागच्या स्प्रिंगांवर आणि टायरांवर कायमचा पडणार असल्याने तेही त्या ताकदीचे लागत. मोटारीत दोघेच बसत आणि बाकीचे ट्रेलरमध्ये. चालत्या ट्रेलरमध्ये प्रवासी बसवण्यास आज अमेरिकेतील अनेक राज्यांत मनाई आहे; काही राज्यांनी पाचव्या चाकाच्या ट्रेलरना त्यातून वगळले आहे.

ही मोठी किंमत होती. बंपरमागे जोडायचा ट्रेलर सोडला की मोटार पुन्हा घरच्या कामाला मोकळी होते. एरोकारची मोटार मात्र एरोकारचीच होऊन जाई. शिवाय आसावर जोडलेला ट्रेलर वळणावर आतल्या बाजूने अधिक कापत जातो, म्हणून चालकाला कोपरा मोठा घ्यावा लागतो. त्यामुळे एरोकारचे ग्राहक प्रामुख्याने श्रीमंत हौशी प्रवासी आणि व्यावसायिक होते. विमानतळ आणि हॉटेले यांच्यात प्रवाशांची ने-आण करण्यासाठी, तसेच फिरते विक्री दालन म्हणूनही हे ट्रेलर वापरले गेले. सर्वसामान्य अमेरिकन कुटुंबाने मात्र १९३० च्या दशकातील ट्रेलरच्या लाटेत बंपरमागे जोडायचेच ट्रेलर घेतले. त्यांच्या दारात एकच मोटार उभी होती आणि ती कापणे त्यांना परवडणारे नव्हते.

मृत्यू

१९०९ मध्ये ऑगस्टस हेरिंग यांच्याबरोबर स्थापन केलेली कंपनी अल्पकाळात दिवाळखोरीत निघाली होती. तिच्यावरून सुरू झालेला खटला हेरिंग यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. १९३० च्या उन्हाळ्यात त्याच्या सुनावणीसाठी कर्टिस रॉचेस्टरला गेले असता त्यांना आंत्रपुच्छाचा तीव्र त्रास झाला. बफेलो येथील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ते बरे होत असतानाच रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून २३ जुलै १९३० रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॅमंडस्पोर्ट येथील प्लेझंट व्हॅली दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. एरोकारचे उत्पादन त्यांच्या पश्चात १९३० चे दशक संपेपर्यंत चालू होते.

वारसा

कर्टिस यांची कंपनी १९२९ मध्ये राइट यांच्या नावाच्या कंपनीत विलीन होऊन कर्टिस-राइट अस्तित्वात आली. एकेकाळी न्यायालयात एकमेकांसमोर असलेली दोन नावे अशा रीतीने एका पाटीवर आली. भारताशीही या नावाचा संबंध येतो: सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर्टिस हॉक या लढाऊ विमानाची जुळणी झाली.

ट्रेलरच्या क्षेत्रात दोन मार्ग पुढे चालत राहिले. बंपरमागच्या जोडणीचा पहिला दोष भार वाटून देणाऱ्या जोडणीने कमी केला. तिच्यात जोडणीपासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत ताणलेल्या पोलादी दांड्या असतात. त्यांचा ताण मोटारीचे शेपूट उचलतो आणि भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर व ट्रेलरच्या चाकांवर परत नेतो. आडवा हेलकावा रोखण्यासाठी घर्षण देणारी साधने तिला जोडली जातात. तरीही जोडणीची जागा आसामागेच राहत असल्याने ही साधने दोष दाबतात, काढून टाकत नाहीत. म्हणून अशा ट्रेलरसाठी गाडी निवडताना दोन आसांमधील अंतर जास्त आणि मागच्या आसापासून बंपरपर्यंतचे अंतर कमी असलेली गाडी पसंत केली जाते. गाडी किती वजन ओढू शकते, हा जाहिरातीतील आकडा एकटा पुरेसा नसतो. जोडणीवरील भार, प्रवासी आणि सामान मिळून गाडीची वजन वाहण्याची मर्यादा बहुधा आधी संपते.

दुसरा मार्ग कर्टिस यांचा. १९६० च्या दशकानंतर पिकअप ट्रक अमेरिकन घरांत सर्रास दिसू लागला आणि एरोकारची जुनी अडचण सुटली. पिकअपचा मागचा हौदा मुळातच मोकळा असतो आणि तो थेट आसावर असतो. काही कापावे लागत नाही, आणि जोडणी काढली की हौदा पुन्हा सामानासाठी मोकळा होतो. आज लांब आणि जड प्रवासी ट्रेलरांत पाचव्या चाकाची जोडणी मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्यावर ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १५ ते २५ टक्के भाग पडतो, म्हणून मागचा आस आणि स्प्रिंगा मजबूत असलेला ट्रक लागतो. हौदा आखूड असेल तर तीव्र वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा चालकाच्या खोलीला धडकू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी जोडणी मिळते. कर्टिस यांच्या आडव्या टायरची जागा आता पोलादी तबकडीने आणि खिळीला धरणाऱ्या जबड्याने घेतली आहे, मात्र हिसके शोषण्यासाठी हवेच्या फुग्यांचा आधार असलेल्या जोडण्याही विकल्या जातात.

१९६४ मध्ये कर्टिस यांचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या सन्मान दालनात करण्यात आला. हॅमंडस्पोर्ट येथील ग्लेन कर्टिस संग्रहालयात त्यांच्या मोटारसायकली आणि विमानांच्या सोबतीने एक एरोकारही जतन केलेला आहे.